घरभर एकच गाण्यांचा साठा: या चुका टाळा

खाली दुकानात एक कॉम्प्युटर, वर पोरांचा लॅपटॉप, आतल्या खोलीत जुना डेस्कटॉप. गाणी तीच, पण प्रत्येकावर थोडी वेगळी. यावर उपाय एकच: गाणी एका मशीनवर ठेवायची, बाकीच्यांनी ती तिथून फक्त वाचायची. गडबड होते ती हे अर्धवट केल्यामुळे.

गाण्यांऐवजी यादीच शेअर करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आयट्यून्ससारख्या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी फाइल म्हणजे गाणी नव्हेत, गाण्यांची नोंदवही आहे. ती एका वेळी एकाच मशीनने उघडायची असते. ती क्लाउड फोल्डरमध्ये टाकून दोन कॉम्प्युटरवर उघडली की एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींवर बसतात आणि प्लेलिस्ट उडतात. गाण्यांचा फोल्डर शेअर करा, नोंदवही ज्याची त्याला बनवू द्या. नाहीतर जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोम हा घरातल्या घरात गाणी पुरवणारा प्रोग्राम एकाच मशीनवर टाका आणि बाकीच्यांवर ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता उघडा. पत्त्यापुढे ‘:’ देऊन पोर्टचा आकडा लिहायचा: जेलीफिनचा पोर्ट ८०९६, नॅव्हिड्रोमचा ४५३३. आयट्यून्सचं होम शेअरिंगही चालतं, पण पाच कॉम्प्युटरपर्यंतच. सगळीकडे एकच ॲपल खातं लागतं आणि मूळ मशीनवर प्रोग्राम उघडा असावा लागतो.

दुसरा राउटर जोडला आणि मशीन दिसेनासं झालं

धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून लोक आतल्या खोलीत दुसरा राउटर लावतात. इंटरनेट चालतं, त्यामुळे शंका येत नाही. पण दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवून पाहा. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत. अशा वेळी आतल्या खोलीतून बाहेरचं मशीन पत्ता टाकून उघडतंही, बाहेरून आतलं मात्र उघडत नाही. या अर्धवट चालण्यानेच माणूस चकतो.

दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे नेणारी सोय) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला, पण मोकळा असलेला द्या (उदा. १९२.१६८.१.२), त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनच्या (इंटरनेट आत घेणाऱ्या) खाचेतून काढून लॅनच्या (घरातली मशीनं जोडायच्या) खाचेत घाला. गेस्ट वायफायवरचं मशीनही बहुधा बाकीच्यांना दिसत नाही. पहिल्या राउटरमध्ये गाण्यांच्या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की तो बदलू शकतो.

पिन टाकला, तरी आत घेत नाही

विंडोजचा चार आकडी पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेलं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणून गाण्यांसाठी वेगळं साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स असं जाऊन ‘एव्हरीवन’ काढा आणि त्या खात्याला फक्त ‘रीड’ ठेवा. ‘फुल कंट्रोल’ दिलं की कुठल्यातरी मशीनवरून आख्खा अल्बम कचऱ्यात जाणार, आणि नेटवर्कवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ असू द्या आणि त्या मशीनचं स्लीप बंद ठेवा.

वायफायच्या वेगाची चिंता सोडा. ३२० केबीपीएसचं गाणं अर्धा एमबीपीएससुद्धा मागत नाही.

एकाच अल्बमचे बारा तुकडे

कानबाईच्या गाण्यांचा अल्बम, बारा गाणी, दर गाण्याला वेगळा गायक. गाण्याच्या फाइलमध्येच नाव, गायक वगैरे माहिती असते, तिला टॅग म्हणतात. त्यात ‘अल्बम आर्टिस्ट’ची जागा रिकामी असेल तर बरेच प्रोग्राम त्याचे बारा अल्बम करतात. तिथे सगळ्या गाण्यांना ‘विविध कलाकार’ लिहा. गाण्याच्या प्रकाराच्या (जॉनर) जागी एका फाइलवर ‘अहिराणी’, दुसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग, तिसऱ्यावर ‘अहिराणी गीते’ असेल, तर प्रकारही तीन दिसतील. आणखी एक छुपा घोळ: ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. नाव एकदा लिहून सगळीकडे तेच पेस्ट करा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर जुना आयडी३व्ही१ टॅग तपासा. त्यात देवनागरी बसत नाही, शिवाय नावाला ३० अक्षरांचीच जागा. एमपीथ्रीटॅग या टॅग सुधारायच्या प्रोग्राममध्ये आयडी३व्ही२.३, यूटीएफ-१६ निवडून नावं नव्याने लिहा आणि जुना टॅग काढून टाका.

ऊन, लोडशेडिंग आणि बॅकअप

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या बंद कपाटात डिस्क त्याहून कितीतरी तापते, आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. मशीन खालच्या मजल्यावर, हवेशीर ठेवा. त्याला छोटा यूपीएस लावाच. नोंदी लिहिताना लाइट गेली तर नोंदवही बिघडू शकते.

सिंकथिंगने (मशीनमधले फोल्डर आपोआप सारखे ठेवणाऱ्या प्रोग्रामने) तिन्हीकडे गाणी ठेवली म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. एकीकडे पुसलं की तिन्हीकडे पुसलं जातं. किमान त्यातलं फाइल व्हर्जनिंग (पुसलेल्या-बदललेल्या फाइलींची जुनी प्रत ठेवणं) चालू करा. चार-चार मिनिटांची ५००० गाणी ३२० केबीपीएसने साधारण ४८ जीबी होतात, तेव्हा छोटी पोर्टेबल डिस्कही पुरे. महिन्यातून एकदा ती लावा, नवीन गाणी कॉपी करा, दोन-चार गाणी थेट डिस्कवरून वाजवून पाहा आणि डिस्क काढून ठेवा. कॉपी करताना ‘मिरर’ मात्र निवडू नका, नाहीतर मूळ मशीनवरून चुकून पुसलेलं तिथूनही जाईल.