सहकारी अध्ययन आणि सामाजिक शास्त्रे: मुलांना विषय आवडला की गट?

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी ‘सहकारी अध्ययनाचा सामाजिक शास्त्रांविषयीच्या अभिवृत्तीवर होणारा परिणाम’ हा विषय घेणारे बरेच असतात. म्हणजे गटात एकमेकांकडून शिकल्याने मुलांचा विषयाकडे बघण्याचा कल बदलतो का, हे पाहायचं. मीही त्यातलाच. विषय चांगलाच आहे, पण मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एक ठरवून टाका: मोजायचंय नेमकं काय? बाकं वळवून मित्रांसोबत बसायला मिळालं की मुलं खूश होणारच. त्यात इतिहासाचं कर्तृत्व काय?

जिगसॉ ही या घराण्यातली गाजलेली पद्धत: गटातल्या प्रत्येकाला धड्याचा एकेक तुकडा, आणि तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी ती १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये सुरू केली. शाळांतलं वर्णीय विलगीकरण नुकतंच मोडलं होतं आणि वर्गात तेढ होती, ती कमी करायला. म्हणजे मुळात तिचा रोख मुलांच्या एकमेकांविषयीच्या वृत्तीवर होता. विषयाविषयीची वृत्ती ही वेगळी गोष्ट, आणि ती आपोआप बदलेल असं धरून चालू नका.

म्हणून मी मापनीतली (अभिवृत्ती मोजायच्या प्रश्नावलीतली) विधानं सुरुवातीपासूनच वेगळी ठेवली. ‘गटात शिकायला मला आवडतं’ हे पद्धतीबद्दल झालं. ‘तास संपल्यावरही धड्यातला एखादा प्रश्न डोक्यात घोळत राहतो’ किंवा ‘सूट मिळाली तर मी हा विषय सोडून देईन’ ही विषयाबद्दलची. शेवटचं नकारात्मक, त्याचं गुणांकन उलटं करायला विसरू नका. दोन्ही प्रकारांची बेरीज एकत्र केली तर आकडा फुगतो आणि अर्थ हरवतो. क्रोनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.८ च्या वर आला म्हणजे मापनी एकच गोष्ट मोजते, असंही नाही. दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असूनही अल्फा चांगला येऊ शकतो.

आता जिगसॉ वर्गात कशी करायची ते. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं घ्या. एकाकडे तिसऱ्या वर्गावरचा, म्हणजे सामान्य जनतेवरचा, करांचा बोजा, दुसऱ्याकडे राजाची कर्जबाजारी तिजोरी, तिसऱ्याकडे १७८८ चं बुडालेलं पीक आणि पावाचे चढलेले भाव, चौथ्याकडे नव्या विचारांचा प्रसार. सारखा भाग मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात येऊन समजावतात. खरी मजा यानंतर. ‘तिजोरी रिकामी होती तर सरदारांवर कर का नाही लावला?’ असं कोणीतरी विचारतं, आणि तिजोरीवाल्याला करवाल्याकडे वळावंच लागतं. हा प्रश्न पडला की समजा, विषयाला हात लागला. चौघांना पूर्ण धडा देऊन ‘मिळून तक्ता करा’ म्हटलं, तर एक लिहितो, तिघं रंगवतात. सहकारी अध्ययनाचे अभ्यासक जॉन्सन बंधू ज्याला सकारात्मक परस्परावलंबन (एकमेकांशिवाय काम पुरं न होणं) आणि व्यक्तिगत उत्तरदायित्व (प्रत्येकाने आपल्या शिकण्याचा जाब देणं) म्हणतात, ते त्यात नसतं. शेवटची चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची, हे त्यासाठीच.

आराखड्याबद्दल थोडक्यात. प्रायोगिक (गटात शिकणारी) आणि नियंत्रित (नेहमीसारखी शिकणारी), दोन्ही तुकड्यांना शिक्षक एकच असावा. नाहीतर तुम्ही शिक्षकच मोजाल. पूर्वचाचणी दोन्हीकडे घ्या. उत्तरचाचणी लगेच घ्याच, पण नवलाई ओसरल्यावर, नेहमीचे तास सुरू झाल्यावर, तीच मापनी पुन्हा द्या. परवानगी घेतानाच ही तिसरी फेरी अर्जात लिहा, नंतर शाळा परीक्षांच्या गडबडीत असते.

आणि काही मुलांशी बोला. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘गटात तू काय समजावलंस?’ विचारा. उत्तरात मित्रांची नावं किती आणि करांची गोष्ट किती, हे दोन रकान्यांत टिपत जा.