मिसक्यू हाताचा की टिपचा? पूल-स्नूकर खेळताना टिपच्या बाबतीत या चुका टाळा

स्क्रू (पांढरा बॉल मागे ओढणारा फटका) मारायला जावं आणि टिप घसरून पांढरा बॉल भलतीकडेच उडावा, म्हणजे मिसक्यू व्हावा, असं वारंवार व्हायला लागलं की खेळणारा आधी आपल्या हाताला दोष देतो, मग स्टिकला, आणि शेवटी पुण्या-मुंबईहून महागडी टिप, म्हणजे स्टिकच्या टोकावरचा चामड्याचा छोटा घुमट, मागवतो. सांगली-मिरजेच्या पार्लरमध्ये हा क्रम मी कायम बघत आलोय. मागवलेली टिप बसते, चार दिवस खेळ छान होतो, आणि महिन्याभरात तक्रार परत सुरू. कारण जुनी टिप मुळात वाईट नव्हती, तिचा आकार गेला होता. नव्या टिपचाही तो जाणारच.

टिपचं काम एवढंच, की बॉलला लागण्याच्या क्षणी घसरायचं नाही. हा क्षण साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्या वेळात चामडं आणि त्यावर घासलेलं चॉक (घसरण रोखणारी पूड) मिळून बॉलला पकडतात, म्हणून बॉल फिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रांस्वा मिंगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं स्टिकच्या टोकाला चामड्याची टिप लावून बॉल मनासारखा फिरवून दाखवला, तेव्हापासून हा खेळ बदलला. नुसतं लाकूड मधोमध मारायला चालतं, कडेला मारलं की निसटतं. चपटी, गुळगुळीत झालेली टिप लावून खेळणारा मिंगोच्या आधीच्या काळातच खेळत असतो, असं मी नव्या पोरांना सांगतो.

टिप सपाट होऊ देणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून इथं थोडं थांबूया.

पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या सुमारे २८.६ मिमी. चॉक कितीही चांगलं असलं तरी केंद्रापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे १४ मिमीच्या पुढे मारलं तर टिप घसरतेच. ती हद्द डोळ्यांना दिसायला हवी असेल तर पट्ट्याचा बॉल घ्या आणि पट्टा आडवा ठेवा. पट्ट्याची खालची-वरची कड जवळपास याच हद्दीवर येते. त्या कडेच्या आत मारायचा सराव करा आणि चॉकचा ठिपका कुठं उमटतो ते बघा.

आता टिपकडे येऊ. बॉलच्या अर्ध्या त्रिज्येवर मारलं, तर टिपचा जो घुमट आहे त्याच्याही अर्ध्या त्रिज्येवर बॉल लागतो. घुमट १० मिमी त्रिज्येचा असेल तर संपर्क टिपच्या मध्यापासून ५ मिमीवर होणार. १३ मिमीच्या टिपला मध्यापासून कडेपर्यंत साडेसहा मिमी चामडं असतं, म्हणजे अजून दीड मिमी हाताशी आहे. हीच टिप चपटी होऊन तिची गोलाई १३ मिमी त्रिज्येची झाली, की संपर्क थेट साडेसहा मिमीवर, ऐन कडेवर येतो. तिथं ना चॉक असतं, ना चामड्याला आधार. तुम्ही मारलं बरोबर जागी, पण टिपच तिथं पुरली नाही.

परदेशी लेखांत गोलाई तपासायला अमेरिकी नाण्यांची मापं दिलेली असतात. ती आपल्या खिशात नसतात, आणि गरजही नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २० मिमी व्यासाचं आहे, म्हणजे बरोबर १० मिमी त्रिज्या. २०११ च्या मालिकेतलं साधारण २२ मिमीचं. दोन्हींपैकी कुठलंही नाणं टिपशेजारी उभं धरा, मागून मोबाइलचा उजेड पाडा, आणि दोन्हींची कमान जुळते का बघा. पूलच्या टिपला हे माप चांगलं. स्नूकरची टिप ९ ते १० मिमीचीच असते, म्हणून तिला याहून थोडी जास्त गोलाई लागते.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवं काही वाटणार नाही. तारेनं घोडीवर खाचा पडतात, आवाज मरतो, मग कारीगर कानस घेऊन ती किंचितशी गोलाई पुन्हा आणतो. जवारी गेली म्हणून कोणी तंबोरा बदलत नाही. टिपही तशीच वागवा. गोल खाचेचा शेपर मिळतो, तो स्टिकवर हलक्या हातानं फिरवा. शेपर नसेल तर पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून कडेकडून मध्याकडे घासा. मध्यभाग शक्यतो सोडायचा, तिथलं चामडं खेळून दाबलं गेलेलं असतं आणि तेच कामाचं असतं.

एक खूण लक्षात ठेवा. मिसक्यू एकाच बाजूला होत असतील तर टिप एकाच बाजूनं झिजली आहे. स्नूकर खेळणारे लाकडाच्या रेषा वर ठेवून स्टिक नेहमी एकाच पद्धतीनं धरतात, त्यामुळे हे होतंच. पूलच्या स्टिकला तसं बंधन नाही. ती अधूनमधून हातात फिरवून धरावी.

चॉक दाबून गरागरा फिरवणं

टिपवर चॉक टेकवून जोरात फिरवायची सवय जवळपास सगळ्यांना असते. त्यानं चॉकला मधोमध खड्डा पडतो. तो खड्डा टिपचा फक्त मध्य घासतो, आणि पुढं फेरूल, म्हणजे टिपखालची पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी, तीही निळी करून टाकतो. आत्ताच पाहिलं की फिरकीचा फटका मध्यापासून पाच मिमीवर लागतो. म्हणजे जिथं चॉक सगळ्यात जास्त हवं तिथंच ते पोचत नाही.

चॉक ब्रशसारखं हलकं ओढा, स्टिक थोडी थोडी फिरवत, आणि कडेवर बसलं का ते डोळ्यांनी बघा. प्रत्येक फटक्याआधी लावा. फार थर नको. बॉलवर चॉकचा ठिपका राहिला आणि नेमका तिथंच दुसरा बॉल टेकला, तर दोन बॉल क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि पॉट (बॉल भोकात घालणं) चुकतो. पार्लरमधले बॉल पुसायला मार्कर मामांना (टेबलं सांभाळणाऱ्यांना) सांगायचा संकोच कशाला करायचा? ते लगेच पुसून देतात.

हे चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते सिलिका आणि कठीण खनिजाची बारीक पूड बांधून बनवलेलं होतं. आजही प्रकार तोच आहे. फळ्यावरचा खडू टिपला लावणारे मी पाहिलेत. त्यानं फक्त कापड पांढरं होतं.

फिरकीसाठी मऊ टिप, असं धरून चालणं

मऊ टिपनं फिरकी जास्त मिळते, हा समज सगळीकडे आहे. फिरकी ठरते ती तुम्ही केंद्रापासून किती लांब आणि किती वेगानं मारता यावर. टिप घसरली नाही, तर मऊ आणि कडक यांतला फिरकीचा फरक नगण्य असतो. फरक पडतो तो देखभालीत आणि हाताला लागणाऱ्या ठोक्यात. मऊ टिप चॉक छान धरते, पण लवकर चपटी होते आणि कडेनं फुगते. कडक टिप आकार टिकवते, पण चकचकीत झाली की चॉक धरत नाही. तिला वरचेवर खरवडावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदा टिपकडे बघायचा कंटाळा असेल तर मध्यम टिप घ्या. रोज खेळत असाल, हात बसलेला असेल, तर मऊकडे जायला हरकत नाही.

एल्क मास्टरसारखी साधी दाबलेल्या चामड्याची निळसर टिप अजूनही उत्तम चालते. तिची अडचण अशी, की एकाच डबीतल्या दोन टिपाही सारख्या निघत नाहीत. फरशीवर एकेक टाकून आवाज ऐका. टणक वाजणारी कडक, बोदा आवाज करणारी मऊ. कामुई किंवा मूरीसारख्या थरांच्या टिपा पातळ चामड्याचे थर एकमेकांवर चिकटवून बनवतात. त्या एकसारख्या निघतात आणि कमी फुगतात. किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक. थरांच्या टिपला सुयांचा टोचा मारू नका, थर सुटायला लागतात. तिला हलका पॉलिश पेपर पुरतो.

फिनॉलिकची (कडक प्लॅस्टिकसारखी) टिप फक्त ब्रेकच्या, म्हणजे डावाच्या पहिल्या जोरदार फटक्याच्या, स्टिकसाठी. ती दगडासारखी कडक आणि चॉक जेमतेम धरणारी, तिनं फिरकी मारायला जाऊ नये.

स्नूकरच्या स्टिकनं पूलचा ब्रेक

आपल्याकडे एकाच पार्लरमध्ये दोन्ही टेबलं असतात, आणि हाताला येईल ती स्टिक उचलली जाते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा आणि हलका. पूलचा मोठा, वजन १५६ ते १७० ग्रॅम. साडेनऊ मिमीच्या टिपनं पूलचा ब्रेक जोरात केला की टिप पसरते, आणि पितळी फेरूल सैल व्हायला सुरुवात होते. स्वतःची स्टिक असेल तर ब्रेकपुरती पार्लरची जाडी स्टिक घ्या.

फुगलेली कड तशीच ठेवणं, आणि उलट, सारखं घासत राहणं

खेळता खेळता चामडं दाबून फेरूलच्या बाहेर येतं. बोट फिरवलं की ओठासारखी कड लागते. तिला खाली आधार नसतो, म्हणून फटका तिथं लागला की ती वाकते. काढायची पद्धत सोपी आहे. फेरूलला कागदी टेप गुंडाळा. स्टिक उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवा, आणि नव्या ब्लेडनं फेरूलकडून फळीकडे, वरून खाली, थोडं थोडं कापा. मग बाजू किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्यानं चमक येईपर्यंत जोरात घासा. त्यानं बाजूची भिंत घट्ट होते आणि पुन्हा फुगायला वेळ लागतो. ओलं करायचं ते बाजूनंच, वरून कधीही नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. प्रत्येक डावानंतर पॉलिश पेपर काढणारी. टिपमध्ये चामडं मोजकंच असतं. पृष्ठभाग चमकायला लागला किंवा चॉक बसेना झालं तेव्हाच खरवडा, आणि तेही, थरांची टिप सोडून, घासण्यापेक्षा टोच्यानं हलकं ठोकून.

टिप चिकटवताना

टिप उडाली की दोष गोंदाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा पृष्ठभाग असतो. जुन्या गोंदाचा थर, फेरूलवर तेलकट बोट, किंवा टिपची पाठ सपाट नसणं. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून टिपची पाठ आठच्या आकड्यात घासा, पूर्ण मऊसर-फिकी दिसेपर्यंत. फेरूलचं डोकं ब्लेड आडवं धरून खरवडा. त्याची कड गोल होऊ देऊ नका, नाहीतर टिपखाली पोकळी राहते आणि फटक्याला पोकळ आवाज येतो. नेलपॉलिश रिमूव्हरनं जुना गोंद सुटतो खरा, पण प्लॅस्टिकचं फेरूल आणि शाफ्टचं (स्टिकच्या पुढच्या भागाचं) पॉलिशही त्याबरोबर जातं.

सुतारकामाचा पांढरा गोंद पितळेला धरत नाही. पातळ, लगेच सुकणारा गोंद धरतो, पण ठोक्यानं तडकतो आणि चामड्यात शोषला जाऊन टिप कडक करतो. त्याचाच जेल प्रकार मिळाला तर तो वापरा. एक थेंब, मधोमध ठेवून घट्ट दाब, आणि रात्रभर हात लावायचा नाही. दहा मिनिटांत ब्रेक करून बघायची घाई इथं नडते. फेरूलपेक्षा किंचित मोठी टिप घ्या आणि सुकल्यावर बाजूनं कापा. लहान टिप घेतली तर फेरूलची कड उघडी राहते.

आवाज बदलला तर

फटक्याचा आवाज अचानक किरटा, ‘टिकटिक’ येऊ लागला तर टिप बाजूनं नखानं ढकलून बघा. हलली तर गोंद सुटलाय. टिप पक्की असेल तर फेरूल हलवून बघा, मग दोन तुकड्यांच्या स्टिकचा जोड. थरांच्या टिपला बाजूनं बारीक रेघ दिसली तर थर सुटलेत, आणि तिला आता गोंद भरून काही होत नाही.

पावसाळा आणि ऊन

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची हवा ओली असते आणि चामडं ती ओल पितं. तीच टिप या दिवसांत मऊ लागते, जास्त फुगते. चॉकही ओलसर होऊन टिपवर चिकट थर धरतं. चॉक झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुडीसोबत ठेवा. पावसाळ्यात कड दर आठवड्याला तपासा. एप्रिल-मेमध्ये उलटं. मोटारसायकलला बांधून मिरज रस्त्यावर भर दुपारी नेलेली किंवा बंद गाडीत ठेवलेली स्टिक तापते, गोंद ढिला पडतो, लाकूडही वाकतं. साधी पिशवी ऊन अडवत नाही, आतून अस्तर असलेली कडक केस घ्या.

टिप कधी बदलायची, हे बाजूच्या भिंतीवरून ठरवा. घुमटाची उंची बघू नका. फेरूलच्या वर टिपची जी उभी भिंत दिसते ती रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी उरली, की नवी टिप बसवा. त्याच्या पुढं खेळत राहिलात तर जोरकस फटक्यात ठोका थेट फेरूलवर जातो. ते तडकलं की काम लेथवर जातं, आणि सोबत शाफ्टचं लाकूडही थोडं कमी होतं.