पक्ष्यांच्या शिकारीसाठी स्ट्रॅप व्हेस्ट घेताय? या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. बंदूक घेऊन झालेली असते, फायरआर्म्स सेफ्टीचं सर्टिफिकेट हातात असतं, कुत्राही पाळलेला असतो. मग शेवटी विचारतात, “काका, व्हेस्ट कुठल्या कंपनीचं घेऊ?” मी उलट विचारतो, “डिसेंबरात अंगात काय घालणार? पाणी किती नेणार? बंदूक उजव्या खांद्याला लावतोस की डाव्या?” समोर शांतता पसरते. कंपनीचं नाव ऐकलं की लगेच ऑर्डर करायची घाई असते आणि नोव्हेंबरात तेच व्हेस्ट गॅरेजमधल्या खुंटीवर लटकलेलं दिसतं.

यात नवख्यांना दोष देऊन उपयोग नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या घरात हे शिकवणारं कुणी नसतं. पण सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन चढलेले पुष्कळ जण आहेत, आणि त्यांनी ते शिक्षण इथे आठवलं तरी निम्म्या चुका टळतील.

स्ट्रॅप व्हेस्ट म्हणजे अंग झाकणारं जाकीट नव्हे. खांद्यावरून येणारे दोन पट्टे, रुंद कमरपट्टा, पुढे काडतुसांचे खिसे, बाजूला पाण्याच्या बाटल्या आणि मागे कमरेजवळ मारलेले पक्षी ठेवायची पिशवी, एवढाच त्याचा सांगाडा. ऑक्टोबरात नुसत्या शर्टावर चालतं, डिसेंबरात जाड कोटावर चढतं. फेझंटसाठी, म्हणजे कोंबड्याएवढ्या लांब शेपटीच्या रानपक्ष्यासाठी, दिवसाला दहा-बारा किलोमीटर गवतातून आणि पाणकणसांच्या दलदलीतून तुडवत जायचं असेल, तर यापेक्षा सोयीचं काही नाही. मापात बसलेलं मात्र हवं.

दुकानात रिकामं व्हेस्ट घालून पाहणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. रिकामं व्हेस्ट कुणालाही छानच वाटतं. आता हिशेब करा. बारा गेजची वीस काडतुसं म्हणजे जवळपास एक किलो. (गेज म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद.) स्वतःसाठी आणि कुत्र्यासाठी मिळून दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. शेजारच्या साउथ डकोटा राज्यात दिवसाला तीन नर फेझंटची मर्यादा आहे, आणि एक नर साधारण सव्वा किलोचा भरतो. दिवस चांगला गेला तर संध्याकाळी सहा-सात किलो अंगावर असतात. हे वजन खांद्यावर आलं की दुपारी दोनलाच मान आखडते, पाय रेटत नाहीत आणि कुत्रा पुढे निघून जातो.

वजन कमरेवरच यायला हवं. राजगड-हरिश्चंद्रगडाला मोठी सॅक नेलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, तरी सांगावं लागतं. शर्टाच्या आत अंगठ्यांनी कमरेची दोन्ही हाडं चाचपा. कमरपट्ट्याचा मधला भाग त्या हाडांवर बसला पाहिजे. बेंबीवर आला तर तो नुसता पोट आवळतो, भार घेत नाही. आधी कमरपट्टा घट्ट करायचा, खांद्याचे पट्टे नंतर, तेही व्हेस्ट हलू नये इतपतच. भरलेलं व्हेस्ट अंगावर असताना खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली, तर भार जागेवर आहे असं समजा.

माझी चाचणी घरचीच आहे. मागच्या पिशवीत चार किलो तूरडाळ, पुढच्या खिशांत काडतुसांऐवजी किलोभर शेंगदाणे, बाटल्यांत पाणी. मोसमात जे कपडे घालणार तेच अंगावर चढवायचे आणि तळघराचा जिना अर्धा तास चढायचा-उतरायचा. अधूनमधून बसायचं, वाकायचं, बुटाची नाडी बांधायची. कुठे टोचतं, कुठे घासतं, पिशवी मांड्यांच्या मागे आपटते का, सगळं कळतं. टॅग काढायचा नाही, म्हणजे परत करता येतं. “एवढं कोण करतं, रिव्ह्यू वाचले की” असं म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची कमर तुमची नसते.

बंदूक खांद्याला लावून न पाहणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

माझा पहिला मोसम. व्हेस्ट जुलैत घेतलं, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर घालून पाहिलं, खांद्याचे पट्टे चांगले जाड आणि मऊ होते म्हणून खूश होतो. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघे साउथ डकोटात ॲबरडीनच्या बाजूला गेलो. तिथे सकाळी दहाच्या आधी फेझंटवर गोळी झाडता येत नाही, त्यामुळे नऊपासून थंडीत उभे होतो. अंगात फ्लीस, त्यावर कोट, त्यावर व्हेस्ट. कपड्यांच्या जाडीने सगळं वर सरकलं होतं. कमरपट्टा बरगड्यांखाली आणि उजव्या पट्ट्याचं बक्कल बरोबर गळ्याच्या हाडापाशी. मला ते जाणवत होतं, पण थांबून नीट केलं नाही.

मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला कुत्रा थबकला आणि नर ओरडत उडाला. मी बंदूक उचलली, तर दस्ता पट्ट्याच्या जाड कडेला अडला. तो सोडवून खांद्याला लावेपर्यंत पक्षी तीस मीटरवर गेला होता. पहिला बार पूर्ण चुकला. दुसऱ्या बाराला दस्ता थेट बक्कलवर होता. धक्का हाडात शिरला आणि छर्रे पक्ष्याच्या मागच्या बाजूला लागले. पाय लोंबकळत तो पाणकणसांत उतरला. आम्ही आणि दोन कुत्रे पाऊण तास ती दलदल धुंडाळत होतो. तो सापडला नाही.

संध्याकाळी खांद्यावर रुपयाएवढा काळानिळा डाग होता. त्याचं काही नाही, तो आठवड्यात गेला. पण दुसऱ्या दिवशी चाप ओढायच्या आधीच माझा खांदा आक्रसायला लागला आणि उरलेल्या दिवसांत मी धड एक बार मारू शकलो नाही. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या परवान्यावर पाच-पाच दिवसांचे दोनच टप्पे मिळतात. त्यातला एक असा गेला. तो जखमी पक्षी मात्र आजही डोळ्यांसमोर येतो. नीट मारता येत नसेल तर मारायला जाऊ नये, आणि नीट मारणं खांद्यावरच्या पट्ट्यापासून सुरू होतं, हे मला त्या दलदलीत कळलं.

म्हणून आता असं करतो. बंदूक उघडून रिकामी आहे हे दोनदा पाहायचं, खोलीत एकही काडतूस ठेवायचं नाही. हिवाळी कपडे आणि भरलेलं व्हेस्ट घालायचं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. असं वीस वेळा. दस्ता प्रत्येक वेळी अडथळ्याशिवाय खांद्याच्या खोबणीत गेला पाहिजे. एकदाही अडला तर पट्टा सरकवा, आणि सरकवूनही अडत असेल तर ते व्हेस्ट तुमचं नाही. बंदूक लावायच्या बाजूला बक्कल, जाड शिवण किंवा रेडिओचा खिसा नकोच. आणि जाड गादीचा पट्टा म्हणजे आराम, ही समजूत सोडा. ती गादी दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये येते, बंदूक तेवढी लांब होते आणि उचलताना अडकते. भार कमरेवर असेल तर खांद्याला गादी लागतच नाही. छातीवरचा आडवा पट्टा असेल, तर तो लावल्यावर दोन्ही पट्टे खांद्याच्या खोबणीतून आत सरकतात. मला तो अत्यावश्यक वाटतो.

दुसऱ्याचं व्हेस्ट न झटकता घालणं

दोन वर्षांपूर्वी एका मित्राने मुलाचं व्हेस्ट एका नव्या पाहुण्याला दिलं. निघण्यापूर्वी मी सवयीप्रमाणे सगळ्यांचे खिसे गाडीच्या मागच्या फळीवर उलटे करायला लावले. पाहुण्याच्या हातात बारा गेजची बंदूक होती आणि खिशातून निघालं वीस गेजचं एक पिवळं काडतूस. माझ्या पोटात गोळा आला.

वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या नळीत सरकून पुढे अडकतं. चाप ओढला तर नुसता टक्क आवाज येतो, माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो मागून बाराचं काडतूस घालतो आणि नळी हातात फुटते. वीस गेजची काडतुसं पिवळी ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे, पण पहाटेच्या अंधारात, हातमोज्यांतून रंग दिसत नाही. एका व्हेस्टमध्ये आयुष्यभर एकच गेज. उसनं घेतलं तर प्रत्येक खिसा उलटा करायचा, शिवणीपर्यंत बोट घालून पाहायचं. यात घाई करणाऱ्यासोबत मी शेतात उतरत नाही.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

काडतुसांसाठी लवचीक फासे दिसायला सुंदर, पण गोठलेल्या बोटांनी त्यातून काडतूस निघत नाही. उघडा, खोल खिसा आणि वर पडदा, एवढं पुरे.

वेल्क्रो टाळा, उघडताना त्याचा चर्र आवाज होतो. मोसमाच्या शेवटी उरलेले नर फार सावध असतात, गाडीचं दार आपटलं तरी पळतात. बटण किंवा चुंबक बरं.

पिशवीला जाळीचं कापड नको. गोखरू अडकतात, काट्यांनी फाटते. जाड नायलॉन नाहीतर मेण लावलेलं सुती कापड घ्या.

नुसत्या पट्ट्यांवरचा नारिंगी रंग पुरेसा धरू नका. मिनेसोटात छोट्या प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीला कमरेच्या वर किमान एक कपडा भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी लागतो. मी टोपीही नारिंगीच घालतो, कारण उंच गवतात तेवढीच दिसते.

खिसे आहेत म्हणून भरू नका. पाणी, काडतुसं, चाकू, कुत्र्याच्या पंजातला काटा काढायला चिमटा, पट्टी. बाकीचं गाडीत.

पक्ष्यांची पिशवी

घेताना लोक पिशवी किती मोठी आहे ते पाहतात, हवा खेळते का ते पाहत नाहीत. ऑक्टोबरात दुपारी ऊन असतं. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशवीत तीन गरम पक्षी एकमेकांवर दाबून ठेवले की संध्याकाळपर्यंत मांसाला वास यायला लागतो. ज्या पक्ष्याचा जीव घेतला त्याचं मांस फेकावं लागणं मला सहन होत नाही. तळाला धुता येणारं अस्तर आणि वरून मोकळी, बाजूने हात घालता येईल अशी पिशवी निवडा. दर दोन तासांनी थांबून पक्षी बाहेर काढा, आतडी काढा, सावलीत वारा लागू द्या. नर ओळखू येण्यासाठी डोकं, पाय किंवा पिसारा राहू द्यावा लागतो, तो विसरू नका. मागची पिशवी भरत जाते तसं व्हेस्ट मागे ओढलं जातं, म्हणून पाण्याच्या बाटल्या जितक्या पुढे घेता येतील तितक्या घ्या.

संध्याकाळी अस्तर गार पाण्याने धुऊन, व्हेस्ट उलटं करून टांगतो. आणि कमरपट्ट्यावर पक्क्या पेनाने दोन खुणा करून ठेवल्या आहेत. आतली खूण ऑक्टोबरातल्या शर्टाची, बाहेरची डिसेंबरातल्या कोटाची.