लँडस्केप फोटो सपाट येतोय, ब्लर येतोय? या चुका टाळा

समोर डोंगर, खाली दरी, वर ढगांचा पसारा, बघताना भान हरपतं आणि फोटोत मात्र सगळं बारकं बारकं आणि निर्जीव दिसतं. मग लोक नवीन कॅमेरा शोधायला लागतात. थांबा जरा, बहुतेक वेळा कॅमेरा ठीकच असतो, आपण घाई केलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसतंय ते सगळंच फ्रेममध्ये कोंबणं. वाइड लेन्स लावली (किंवा मोबाईलवर ०.५ एक्स केलं) की लांबचा डोंगर आणखी लांब जातो, छोटा होतो आणि पुढे नुसती रिकामी जमीन उरते. वाइडच वापरायची असेल तर जवळ काहीतरी हवं, एखादा दगड, गवताचा झुपका, वळण घेणारी पायवाट, आणि त्याच्या अगदी जवळ जाऊन कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणा, खोली लगेच दिसायला लागते. आणि डोंगरच आवडला असेल तर सरळ ७०-२०० एमएम सारखी टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावा, लँडस्केपला वाइडच पाहिजे असं कुणी ठरवलंय? बटण दाबायच्या आधी स्वतःला विचारा, हा फोटो नक्की कशाचा आहे. उत्तर एका शब्दात येत नसेल तर दोन पावलं पुढे किंवा बाजूला सरका आणि परत बघा.

दुसरी चूक, भर दुपारी फोटो काढून वर रंग फिके आले म्हणायचं. ऊन डोक्यावरून पडलं की चढउतार दिसतच नाहीत, सूर्य खाली असताना उजेड बाजूने येतो, प्रत्येक घडीला सावली पडते आणि डोंगराला आकार येतो. आणि प्लीज, सूर्य बुडाला की लगेच बॅग भरू नका. वरचे ढग त्यानंतरही खालून उजळत राहतात, कधीकधी खरा रंग तेव्हाच चढतो, पण तोवर सगळे निघून गेलेले असतात. ढगाळ दिवस पण वाया जात नाही हं, जंगल आणि धबधबे यांना तोच मऊ उजेड छान लागतो, पानांवरची आणि पाण्यावरची चमक कमी होते.

आकाश पांढरंफट्ट येत असेल तर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घेतला ते) चुकतंय. आकाश आणि जमीन यांच्या उजेडात एवढा फरक असतो की कॅमेऱ्याला बऱ्याचदा दोन्ही एकदम झेपत नाही. मोबाईलवर आकाशावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा, कॅमेऱ्यावर मायनस एक एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन देऊन (म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद करून) बघा, आणि स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघा, उजव्या कडेला ढीग लागला असेल तर तिथली माहिती गेली. सावलीतला भाग नंतर उजळता येतो, जळालेलं आकाश परत येत नाही. म्हणूनच रॉ मध्ये (म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४, एडिटिंगला हात मोकळा राहतो. फरक फारच असेल तर मायनस दोन, शून्य, प्लस दोन असं ब्रॅकेटिंग, म्हणजे तोच फोटो गडद, मधला आणि उजळ असा तीनदा काढून नंतर एकत्र करायचा.

आता ब्लर. इथे लोक सगळ्याला एकच नाव देतात, पण कारणं वेगवेगळी असतात, त्यामुळे आधी फोटो १०० टक्के झूम करून बघा. सगळं एकाच दिशेला फरपटल्यासारखं दिसतंय? हात हलला. फक्त पानं आणि गवत ब्लर आहे, दगड शार्प आहे? वारा होता, शटर फास्ट करा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका, थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेलं झाड नाही चालत. जवळचं शार्प आणि लांबचं मऊ, किंवा उलट? फोकस चुकीच्या जागी आहे. फुलफ्रेमवर (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २४ एमएम लेन्स आणि अपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/११ असेल तर साधारण पावणेदोन-दोन मीटरवर फोकस केला की जवळपास एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प येतं. आणि सगळीकडेच थोडं थोडं मऊ असेल तर आधी लेन्स पुसा (मोबाईलवाल्यांनी तर रोज), तरी तसंच राहिलं तर अपर्चर बघा. जास्त शार्प पाहिजे म्हणून एफ/२२ ठेवतात आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) नेमकं उलट होतं. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स वगैरे अमेरिकन फोटोग्राफरांच्या ग्रुपचं नावच एफ/६४ होतं, १९३२ चा, पण त्यांचे लार्ज फॉरमॅट कॅमेरे होते, निगेटिव्ह एवढी मोठी की तिथे ते अपर्चर चालून जायचं. आपल्या सेन्सरला एफ/८ ते एफ/११ भरपूर झालं.

ट्रायपॉड असूनही फोटो हलतोय? मधला दांडा वर काढू नका, पाय लांबवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) बंद करून एक फोटो काढून बघा, काही लेन्स ट्रायपॉडवर त्यामुळेच थरथरतात.

पोलरायझर (चमक कमी करणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) घेतलाय तर लक्षात ठेवा, तो सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर सगळ्यात जास्त काम करतो, त्यामुळे अल्ट्रावाइडवर अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकं असा विचित्र पट्टा येतो. संध्याकाळचा सोनेरी रंग गायब होत असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा स्वतःच रंगांचा तोल ठरवतो ती सेटिंग) काढून डेलाइट ठेवा.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनचा स्लायडर ताणला की हिरवं झाड विजेरीसारखं चमकायला लागतं आणि एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग एकाच फोटोत दाखवणं) जास्त झालं की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ही रेघ दिसली की मागे या. क्षितिज तिरकं असेल, खासकरून समुद्राचं किंवा तळ्याचं, तर ते आधी सरळ करा, पण फिरवताना कोपरे कापले जातात म्हणून काढतानाच ग्रिड चालू ठेवा आणि कडेला थोडी जागा सोडा. आणि प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी काळपट ठिपके दिसत असतील तर ती सेन्सरवरची धूळ आहे, ब्लोअरने उडवा, कापडाने पुसायला जाऊ नका.