गोव्याहून गुलमर्गला जाताना: मोजे सुती नकोत

फोंड्याहून आम्ही गुलमर्गला गेलो तेव्हा थंडीपेक्षा ओल जास्त बाधली. मी घरचे सुती मोजे एकावर एक घातले होते. पहिल्याच दिवशी बुटात बर्फ शिरला, मोजे भिजले आणि संध्याकाळी बुटाची नाडी सोडायला बोटं वळेनात. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा कपडा), आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट. लोकरीच्या मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत हवाच. स्कीचे बूट, जाकिटं तिथे भाड्याने मिळतात. पण हातमोजे स्वतःचे न्या, भाड्याचे बरेचदा ओलसर असतात.

दुसरी गोष्ट उंचीची. आपण समुद्रकाठची माणसं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. आल्या दिवशी तो टप्पा घेऊ नका. एक रात्र राहा, पाणी पीत राहा. वर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 'थोडा वेळ बघू' न म्हणता खाली उतरा. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

आपल्या इथलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. आणि काळा चष्मा मुलांनाही. ताजा बर्फ ऊन थेट डोळ्यांत फेकतो.