ॲक्रिलिकचे दागिने करताय? आधी स्पिरिटची बाटली दूर ठेवा

कोरलड्रॉ (डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर), ॲक्रिलिकच्या म्हणजे कडक प्लास्टिकच्या शीटचं लेझर कटिंग, हूक आणि जंप रिंग (जोडायची बारीक कडी) लावणं एवढं तुम्हाला येतं असं धरते. येत नसेल तरी थोड्या दिवसांत येईल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

माझं घोडं अडलं ते तड्यांपाशी. नवीन डिझाइन पाठवताना अजूनही पोटात गोळा येतो. कानातली घरातून स्वच्छ जायची आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोटो यायचा: भोकाभोवती केसाएवढ्या बारीक चिरा. मी शीटवाल्याशी भांडले. पण शीट ठीक होती.

होतं असं की लेझरने कड वितळते, पटकन गार होते आणि तिथे ताण अडकून बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. मग आपण धुराचा डाग पुसायला स्पिरिट फिरवतो, क्लोरोफॉर्मने जोड मारतो, नाहीतर दागिना घालणारी त्याच्यावर परफ्यूम मारते. ताणलेल्या जागी यातलं काहीही लागलं की चिरा पडतात. कधी लगेच, कधी उशिरा, त्यामुळे खरं कारण कळतच नाही. फ्लेम पॉलिशने, म्हणजे कडेवरून ज्योत फिरवून, कड चकाकते, पण ताणही वाढतो. चकाकीवर जाऊ नका.

उपाय कंटाळवाणा आहे. कागद काढून कापलेले तुकडे ओव्हनमध्ये सपाट ठेवायचे. ३ मिमी कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) शीटला ८० अंशांवर दोन तास, मग दार न उघडता आतच गार होऊ द्यायचे. १०० च्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडतं, म्हणून ओव्हनच्या खटक्यावर विसंबू नका, आत वेगळं थर्मामीटर ठेवा. जोडकाम, हूक सगळं त्यानंतर. पुसायला साबणाचं कोमट पाणी. हे केल्यावरही स्पिरिट नकोच.

शीट घेताना ‘कास्ट’ म्हणून मागा. एक्स्ट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेली) स्वस्त असते, जाडीला एकसारखी असते, पण तडकायला जास्त उतावळी. कोरून पाहिलं की फरक कळतो: कास्टवर पांढरी रेघ उमटते, एक्स्ट्रुडेडवर जवळजवळ काहीच दिसत नाही. आणि पीव्हीसी, हे दुसरं प्लास्टिक, चुकूनही लेझरखाली घालू नका. त्यातून निघणारा ॲसिडचा धूर फुप्फुसं आणि मशीन, दोन्ही खातो.

दोन दिवसांच्या वर्कशॉपबद्दल माझं मत वाईट आहे. तिथे तयार किट जोडायला शिकवतात. त्यापेक्षा दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे जाऊन बसा. त्याला दागिन्यांतलं ओ की ठो कळत नसेल, पण शीट कुठे तडकते ते त्याच्या हाताला माहीत असतं. पिंटरेस्टवरून डिझाइन उचलणाऱ्यांना काय सांगायचं! निदान पीटर चँग या ब्रिटिश दागिनेकाराची हातातली कडी तरी पाहा. टाकाऊ प्लास्टिकमधून त्या माणसाने काय रंग उभे केलेत!

घाबरवतेय असं वाटत असेल तर हा हिशोब करा. ४ सेंमी चौरस, ३ मिमी जाड तुकडा ॲक्रिलिकचा साधारण पावणेसहा ग्रॅम भरतो. तोच चांदीचा केला तर ५० ग्रॅम, कान ओघळेल. एवढा मोठा आकार, असा रंग कानात हलका लटकवायची सोय सोनाराकडे नाही. लंडनच्या टॅटी डिव्हाइन या दागिन्यांच्या ब्रँडने १९९९ पासून याच मटेरियलवर नाव कमावलंय.

हूक मात्र पुण्यात बोहरी आळीत स्वतः जाऊन, हाताने वाकवून बघून घ्या. आणि भोक कडेपासून निदान २ मिमी आत ठेवा. नाजूक दिसावं म्हणून १ मिमीवर आणाल, तर ओव्हनही वाचवणार नाही.