एकपात्री विनोदी प्रयोगाचं परीक्षण: एडिंबरा फ्रिंजबद्दल लिहिताना या चुका टाळा

एडिंबरा फ्रिंज या स्कॉटलंडमधल्या कलामहोत्सवात कुणीही येऊन प्रयोग लावू शकतो आणि जवळपास कुणीही त्याचं परीक्षण लिहू शकतो. १९४७ साली शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ मंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी आपले खेळ लावले. तेव्हापासून निवडसमिती ही भानगडच इथे नाही. आता दर ऑगस्टमध्ये तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. त्यात विनोदाचा विभाग सगळ्यात मोठा, आणि त्यातही एकट्याने तासभर किल्ला लढवणाऱ्यांची संख्या भरपूर. एवढे कार्यक्रम बघायला वर्तमानपत्रांचे मुरलेले समीक्षक पुरत नाहीत, म्हणून नवख्यांना संधी मिळते. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीलाही प्रेसचं तिकीट मिळू शकतं. मग ती उत्साहाने लिहायला बसते आणि ठरलेल्या खड्ड्यांत पडते.

एकपात्रीचा खड्डा जरा वेगळा आहे. नाटक फसलं तर दोष वाटून देता येतो: थोडा दिग्दर्शकाला, थोडा नेपथ्याला, उरलेला दुसऱ्या अंकाला. इथे समोर एकच माणूस. तोच लेखक, तोच नट, आणि बहुतेक वेळा दारात उभं राहून जाहिरातीचे कागद वाटणाराही तोच. त्यामुळे लिहिणारा एक तर मऊ पडतो, नाहीतर थेट माणसावर घसरतो.

सोंगाला माणूस समजणं

जॉन कर्न्स नावाचा कलाकार डोक्यावर भिक्षूसारखा टक्कल असलेला विग आणि तोंडात खोटे दात घालून रंगमंचावर येतो. त्याच्याबाबत कुणी गफलत करणार नाही, विग दिसतोच. अडचण होते ती साध्या टीशर्टमध्ये माइकसमोर उभं राहून ‘मी काल बायकोशी भांडलो’ म्हणणाऱ्याची. त्याचा तो ‘मी’सुद्धा लिहिलेला असतो, घासूनपुसून घेतलेला असतो आणि रोज त्याच जागी अडखळतो. परीक्षणात मात्र लोक लिहितात, ‘हा माणूस जरा आत्मकेंद्री वाटतो.’ अहो, तेच तर सोंग आहे! वठलं की नाही, ते सांगा.

उपाय सोपा. कच्चा मजकूर झाला की कलाकाराबद्दलच्या प्रत्येक विशेषणाभोवती गोल काढा. गोड, उद्धट, लाघवी, बुजरा, ऊर्जावान, सगळी विशेषणं. प्रत्येकाच्या जागी त्याने नेमकं काय केलं ते लिहिता येतं का, बघा. लिहिता आलं तर विशेषण आपोआप गळतं. नाही आलं, तर ते तुमचं मत त्या माणसाबद्दल होतं, प्रयोगाबद्दल नव्हतं. दिसणं, वजन, कपडे यांचा उल्लेख कलाकाराने स्वतः विनोदाचा विषय केला असेल तरच करावा, आणि तेव्हाही हात राखून.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. फ्रिंजच्या नेहमीच्या मंडळींत ‘डेड डॅड शो’ असा एक कुत्सित शब्दप्रयोग चालतो. चाळीस मिनिटं हसवायचं, मग दिवे मंद करून वडिलांच्या आजारपणाकडे वळायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा एक हशा घेऊन सुटायचं, असा त्याचा साचा. इथे समीक्षक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण दुःख खरं आहे म्हणून विरघळतात आणि तारे उधळतात, तर काही जण ‘आलं रडगाणं’ म्हणून तुच्छतेने पान उलटतात. दुःख खरं की खोटं याचा पंचनामा करणं तुमचं काम नाही. बघायचं ते हे, की त्या वळणाची पेरणी आधी झाली होती का? पहिल्या अर्ध्या तासातले विनोद नंतर आठवले तर त्यांचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर रचना पक्की आहे. नसेल तर शेवट वरून चिकटवलेला आहे, आणि तसं लिहायला संकोच नको.

हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन कलाकाराच्या ‘नॅनेट’ या एकपात्रीने २०१७ साली इथला विनोदाचा मुख्य पुरस्कार विभागून मिळवला. विनोद म्हणजे ताण निर्माण करायचा आणि मग तो सोडवायचा, हे त्यात प्रेक्षकांना उघड सांगितलं जातं, आणि पुढे ताण सोडवायचाच नाही असं ठरवून केलं जातं. दर मिनिटाला हशे मोजणाऱ्याने त्याचा उत्तरार्ध ‘पडला’ असं लिहिलं असतं, आणि मोजणी बरोबर असूनही परीक्षण चुकलं असतं.

‘धमाल’, ‘टायमिंग’, ‘पुरेवाट’

परीक्षण दुसऱ्या कुठल्याही प्रयोगाला जसंच्या तसं चिकटवता येत असेल तर ते बिघडलंय, समजा. उदाहरण काल्पनिक घेऊ. एका हॉटेलात रात्रपाळी करणारी रिसेप्शनिस्ट, खोल्यांमधून येणारे फोन, एकटी कलाकार. पहिला खर्डा साधारण असा असतो:

‘पहिल्या मिनिटापासून धमाल. टायमिंग अचूक, ऊर्जा अफाट. हसून हसून पुरेवाट होते. मध्ये थोडा लांबला, पण एकदा बघायलाच हवा.’

आता हेच मत पुराव्यासकट:

‘फोन वाजला की ती लगेच उचलत नाही. आधी चेहरा ड्युटीवर आणते, मग हात पुढे जातो. चौथ्या फोनला नुसता चेहरा बदलायला लागला तरी लोक हसतात. पुढे मात्र ती त्या चेहऱ्यावरच विसंबून राहते. पलीकडून कोण बोलतंय याला महत्त्व उरत नाही आणि मधली दहा मिनिटं सैल पडतात.’

टायमिंग, हशा, लांबण सगळं यातही आहे, पण वाचणाऱ्याला खोली दिसते. कलाकारालाही कळतं की कात्री कुठे लावायची. शिवाय एकही पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा फटका, फुटलेला नाही. पंच फोडणं हा फ्रिंजवरच्या परीक्षणांतला जुना रोग आहे. चांगला विनोद उतरवून काढला की आपलं लिखाण चटकदार होतं, हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या कलाकाराचा तो तास महिनाअखेरपर्यंत विकायचा असतो आणि तुमचा वाचक उद्या तिकीट काढणार असतो. विनोदाची जात सांगा, चाल सांगा. शेवटचा शब्द त्याच्याकडेच राहू द्या. प्रेक्षकांना मंचावर ओढून जी गंमत केली जाते तिलाही हाच नियम.

चुकीची फूटपट्टी

मराठी प्रेक्षकाच्या मनात एकपात्री म्हटलं की ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ येतं: लक्ष्मण देशपांडे एकटे, आणि पन्नासहून जास्त पात्रं, प्रत्येकाचा आवाज आणि चाल निराळी. ही फूटपट्टी घेऊन एडिंबऱ्याच्या एखाद्या तळघरात शिरलात तर घोटाळा होतो. तिथला कलाकार दहा मिनिटं नुसता खुर्चीशी झटापट करत असतो, किंवा तासभर एकाच आवाजात स्वतःची गोष्ट सांगत असतो, किंवा कीबोर्डवर गाणी म्हणत असतो. यातला कुठलाच प्रकार ‘कमी मेहनतीचा’ नाही.

सर्वांत जास्त गैरसमज विदूषकीबद्दल होतात. फ्रान्समधल्या फिलिप गोलिए यांच्या शाळेतून शिकून आलेल्या कलाकारांची फ्रिंजवर मोठी परंपरा आहे. २०१२चा मुख्य पुरस्कार मिळवणारा ‘डॉक्टर ब्राउन’ त्यांतलाच. या शैलीत फजिती हाच कच्चा माल असतो. विनोद आपटतो, शांतता पसरते आणि कलाकार त्या शांततेकडे बघत राहतो. नवखा समीक्षक वहीत लिहितो, ‘विनोद पडला.’ तो मुद्दाम पाडलाय की खरंच पडलाय, हे ओळखायची एक खूण आहे: पुढच्या दोन-तीन सेकंदांत कलाकार काय करतो ते बघा. त्या शांततेचा तो उपयोग करतोय, की ती झाकायला धावतोय?

कार्यक्रमपत्रिकेतल्या विभागावरही फार विसंबू नका. आपला प्रयोग ‘विनोद’ विभागात टाकायचा की ‘नाटक’ विभागात, हे कलाकार स्वतः ठरवतात. ‘फ्लीबॅग’ २०१३ साली इथे एकपात्री म्हणून आलं ते नाटकात. रिचर्ड गॅडचा ‘बेबी रेनडिअर’ २०१९मध्ये समरहॉल या जागी झाला, तेव्हा त्याचा पाठलाग करणाऱ्या बाईच्या जागी एक रिकामं बारचं स्टूल होतं. या दोन्हींच्या पुढे मालिका झाल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक आत्मकथनाला ‘पुढची फ्लीबॅग’ म्हणायची साथ आली आहे. हे वाक्य लिहाल तर कलाकार त्याचं पोस्टर करेल, पण वाचकाच्या हाती काही लागणार नाही.

खोलीचं खापर कलाकारावर

दुपारी साडेबाराला अकरा प्रेक्षकांसमोर होणारा प्रयोग आणि शनिवारी रात्री दहाचा प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संहिता एकच असली तरी. खालच्या पबमध्ये मॅच चालू असते, भिंत पातळ असते, माइक खरखरतो. हे सगळं लिहावं का? प्रयोगावर परिणाम झाला असेल तरच, आणि मग कलाकाराने ते कसं निभावलं तेही लिहावं. प्रेक्षक कमी होते म्हणून हशा पातळ होता, ही माहिती आहे. हशा पातळ होता म्हणून विनोद पातळ, हा निष्कर्ष घाईचा.

मोफत प्रयोगांना हौशी समजू नये. ‘फ्री फ्रिंज’मध्ये तिकीट नसतं, शेवटी दाराशी बादली धरली जाते, हल्ली कार्डाचं यंत्रही असतं. वर उल्लेखलेल्या जॉन कर्न्सने २०१३चा नवोदितांचा पुरस्कार मिळवला तो अशाच मोफत प्रयोगासाठी, आणि पुढच्याच वर्षी मुख्य पुरस्कारही नेला. याउलट, पत्रिकेत ‘वर्क इन प्रोग्रेस’ (अजून घडत असलेला प्रयोग) असं लिहिलेलं असेल किंवा सुरुवातीच्या दिवसांतला स्वस्त तिकिटाचा प्रिव्ह्यू असेल, तर तारे देऊ नयेत.

तुमचा स्वतःचा थकवाही हिशेबात धरा. दिवसाला पाच-सहा प्रयोग बघितले की एडिंबऱ्याच्या घरभाड्यावरचा विनोद संध्याकाळी चौथ्यांदा ऐकू येतो आणि डोकं उठतं. शेजारी बसलेल्या काकूंनी तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो, आणि त्या हसताहेत.

आपलं माणूस

यावर स्पष्ट बोलायला हवं. मुंबईची विनोदी कलाकार उरूज अश्फाक आपला ‘ओ नो!’ हा प्रयोग घेऊन गेली आणि २०२३चा नवोदितांचा पुरस्कार घेऊन आली. अशा वेळी अभिमान वाटतोच, वाटू द्यावा. पण ‘आपली मुलगी परक्या मुलखात किती धीटपणे उभी राहिली’ हे कौतुक झालं, परीक्षण नाही. उलटी चूकही दिसते: देशी कलाकाराने तिथल्या प्रेक्षकाला समजावं म्हणून एखादा संदर्भ सोपा केला की आपल्याला तो ‘गोऱ्यांसाठी केलेला’ वाटतो. प्रयोग ज्या खोलीत होता त्या खोलीसाठी होता. समजावून सांगताना विनोदाचा वेग मेला का, एवढं बघा. आणि कलाकार ओळखीचा असेल तर परीक्षण दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या. फ्रिंजचं जग लहान आहे, रात्री एकाच बारमध्ये सगळे भेटतात.

ताऱ्यांचा गोंधळ

पाचपैकी तीन तारे म्हणजे ‘चांगला प्रयोग’. कलाकारांना मात्र ते नापास झाल्यासारखे वाटतात, कारण पोस्टरवर चिकटवायला निदान चार लागतात. फ्रिंजवर ताऱ्यांच्या पट्ट्या छापून जाहिरातींच्या कागदांना स्टेपल करायची पद्धत आहे. तुमच्या एका आकड्यावर कुणाच्या तरी उरलेल्या आठवड्याची विक्री हलते. तरीही दबून चार देऊ नका. आधी मजकूर लिहा, तारे झाकून दुसऱ्याला वाचायला द्या आणि किती वाटतात ते विचारा. तुमचा आकडा आणि त्याचा आकडा जुळत नसेल तर बहुतेक वेळा मजकुरात भीड शिरलेली असते.

पोस्टरसाठी वाक्य तोडलं जाणार हे गृहीत धरा. ‘विलक्षण ठरला असता, जर...’ यातलं ‘विलक्षण’ तेवढं भिंतीवर लागेल. माझं मत विचाराल तर वीस खुर्च्यांच्या खोलीत पहिल्यांदाच, स्वतःच्या खिशाला खार लावून उभ्या राहिलेल्या पोराला एक तारा देण्यात पुरुषार्थ नाही. संपादकाला सांगून ती जागा दुसऱ्या प्रयोगाला द्यावी. मोठं नाव, मोठं सभागृह, महाग तिकीट असेल तर मात्र हात आखडू नये.

बारीकसारीक

पहिल्या रांगेत बसू नका. वही दिसली की कलाकार बिथरतो, नाहीतर तुम्हालाच विनोदाचा विषय करतो. तिसरी-चौथी रांग, कडेची खुर्ची. टिपणं कागदावर घ्या. अंधारात फोनचा उजेड सगळ्या खोलीला दिसतो. तेही शब्द-दोन शब्द. मान खाली घालून तासभर लिहिणाऱ्याला चेहरा दिसतच नाही, आणि एकपात्रीत निम्मा विनोद चेहऱ्यावर असतो.

दोन प्रयोगांत निदान अर्धा तास मोकळा ठेवा. उशिरा आलेल्याला आत सोडतीलच असं नाही. शिवाय नकाशा दगा देतो: जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट नकाशावर एकमेकांना छेदतात, पण प्रत्यक्षात एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. फोन म्हणतो पोहोचलात, आणि प्रयोग तुमच्या पायाखाली कित्येक मजले खोल चालू झालेला असतो.

पाठवण्यापूर्वी कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग, जागेचं नाव, त्या जागेतल्या खोलीचं नाव, वेळ आणि शेवटची तारीख तपासा. एकाच पत्त्यावर दहा-बारा खोल्या असतात. बरेच कलाकार मध्ये एक दिवस सुट्टी घेतात, तो दिवसही लिहा. नाहीतर तुमचं परीक्षण वाचून आलेला माणूस नेमका त्याच दिवशी पोहोचेल.